खोक्यात भरलेला महाराष्ट्र

मार्चमध्ये बाईंचा फोन आला. "घर आवरतेय. महाराष्ट्रावरची इंग्रजी पुस्तकं वेगळी काढून ठेवलीत, ती तू घेऊन जा. मराठी माझ्याकडेच राहू देत."

बाईंनी मला बी. ए.ला आणि एम. ए.ला जुनी मराठी शिकवली. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी माण तालुक्यातल्या धनगराचा मुलगा आणि एका तालुक्याच्या गावी मराठीचाच मास्तर. त्यांच्या सदाशिव पेठेतल्या माडीवर गेलो तेव्हा अकरा खोकी तयार होती. वरच्या खोक्यात गुंथर सोंथायमर यांचं बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचं पुस्तक होतं. मूळ जर्मन ग्रंथ १९७६चा. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १९८९मध्ये निघालं.

"बाई, हे का देताय? आधी हेच ठेवायला हवं," मी म्हटलं.

"कारण ते आपलं असून आपल्याला परकं आहे," त्या म्हणाल्या. "या अकरा खोक्यांत आख्खा महाराष्ट्र भरलाय. वारी, महार चळवळ, महानुभाव, नद्या, धनगर, घर, बायका, सगळं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना यातलं एक पान वाचता येत नाही. चाळीस वर्षं मी या लोकांबरोबर काम केलं. जर्मनीतून, अमेरिकेतून, रशियातून, फ्रान्समधून आलेल्यांना मराठी शिकवली, पोथ्या वाचून दिल्या. शेवटी हाती काय राहिलं? हे असं."

चहा झाला, खोकी बांधायची राहिली आणि आम्ही बोलत बसलो. ते बोलणं मी इथे जमेल तसं उतरवतोय. त्या दुपारी आम्ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध बसलो होतो, पण जी बाजू ज्याच्याकडे असावी असं कुणालाही वाटेल तिच्या उलट.

मी म्हटलं, "तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगतो. पाच वर्षं मी तुमच्या वर्गात होतो. ज्ञानेश्वरी शिकलो, लीळाचरित्र शिकलो, शिलालेख वाचायला शिकलो. त्या पाच वर्षांत बिरोबाचं नाव एकदाही आलं नाही. माझे आजोबा रात्रभर ओव्या गायचे. दोन्हीकडे गडी बसलेले, एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यांनी उचलायची, मग सपादनीत, म्हणजे गद्य निवेदनात, कथा पुढे न्यायची. ते साहित्य आहे हे मला या पुस्तकानं सांगितलं. एक जर्मन माणूस पुण्यात हिंदू कायदा शिकायला येतो, एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर ग्रंथ लिहितो आणि मग मेंढरांच्या वाड्यामागे चालत सुटतो. वीरच्या म्हस्कोबाच्या जत्रेत रात्री काढतो, पट्टणकोडोलीची भाकणूक ऐकतो. आमच्या देवांचा प्रवास मेंढरांच्या वाटेनं झाला, चराऊ रानातून सुगीच्या गावात आला, हे त्यानं दाखवलं. ते दाखवायला पुण्यातून कुणी का आलं नाही?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाही आलं नाव. अभ्यासक्रमात नव्हतं हे खरंय, पण मी आणू शकले असते. आणलं नाही." थोडं थांबून त्यांनी पुढे जोडलं, "पण कुणीच आलं नाही असं म्हणू नकोस. रा. चिं. ढेऱ्यांचं 'खंडोबा' १९६१चं आहे. कसलं अनुदान नाही, परदेशवारी नाही. घरातली पुस्तकं, पायपीट आणि डोळे, एवढंच भांडवल. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४चं. पंढरीच्या विठोबामागे गवळी-धनगरांचा देव उभा आहे हे त्यांनी मराठीत सांगितलं, मराठी वाचकाला सांगितलं. सोंथायमर त्यांना मानत. फेल्डहाऊसनी तो ग्रंथ २०११मध्ये इंग्रजीत नेला. म्हणजे विचार इथे तयार झाला, पण जगानं तो ऐकला कधी? इंग्रजीत गेल्यावर, सत्तावीस वर्षांनी."

"म्हणजे त्यांनी तो नेला हे चांगलंच झालं की."

"चांगलंच झालं. माझी तक्रार वाटेबद्दल आहे. वाट एकेरी झाली. इरावतीबाई कर्व्यांची 'वाटचाल' १९६२मध्ये अमेरिकेतल्या आशियाविषयक नियतकालिकात इंग्रजीत आली. मोकाशींची 'पालखी' फिलिप एंगब्लोमनी नेली. वसंत मूनांची 'वस्ती' गेल ऑम्व्हेटनी नेली. सगळं इकडून तिकडे. तिकडून इकडे किती आलं ते मोज. पूर्वी असं नव्हतं. ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडितानं मराठी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, तो वा. गो. परांजप्यांनी मराठीत आणला. तेव्हा आपल्याला वाटायचं, आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्या भाषेत असायला हवं. ते वाटणं कुठे गेलं?"

या मुद्द्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी बाजू बदलली. "पण ही माणसं नुसती येऊन गेली असं नाही. मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी आल्या आणि फलटणच्याच झाल्या. दलित वस्तीतल्या मुलांना अक्षरओळख करून देता देता शाळा उभी केली, भारताचं नागरिकत्व घेतलं. ऑम्व्हेटबाई मिनियापोलिसच्या. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेवर बर्कलीला प्रबंध लिहिला, आणि २०२१मध्ये गेल्या त्या कासेगावात, पती भारत पाटणकरांच्या घरी. गी प्वातवाँ फ्रान्सचे, पुण्यात राहिले, हेमा राईरकरांबरोबर मावळातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. यांना पाहुणे कसं म्हणायचं?"

"नाही म्हणत. मॅक्सीननं जाई निंबकरांबरोबर मराठी शिकवायची जी पुस्तकं केली त्यांवर मी कितीतरी परदेशी मुलांना मराठी शिकवली. जाई म्हणजे इरावतीबाईंची लेक. फलटणच्या त्या घरातून हा सगळा गोतावळा फिरायचा. मला या माणसांची माया आहे, तू ती ओळखतोस. मी माणसांबद्दल बोलत नाहीये. पैसा कुठून आला, पुस्तकं कुठे गेली, नावं कुठे छापली, याबद्दल बोलतेय."

मग बाईंनी गव्हाची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवट ठाऊक होती.

पन्नासच्या दशकात अमेरिकेतून पीएल-४८० खाली गहू येऊ लागला. त्याची किंमत भारतानं रुपयांत भरायची आणि ते रुपये अमेरिकेच्या खात्यात भारतातच पडून राहायचे. त्यातला काही भाग पुस्तकांकडे वळला. १९६२पासून दिल्लीतल्या अमेरिकी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कचेरीमार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं घाऊक विकत घेतली जाऊ लागली आणि शिकागो, बर्कली अशा निवडक विद्यापीठांना जाऊ लागली. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, पोथ्यांच्या आवृत्त्या, छोट्या गावच्या छापखान्यांतली पुस्तकंही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१मध्ये निघाली, तिचं पहिलं बिऱ्हाड पुण्यात, डेक्कन कॉलेजात. तिथल्या शिष्यवृत्त्यांतही हेच रुपये होते.

"तो गहू आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून घेतलाय," बाई म्हणाल्या. "माझी आई त्याच्या पोळ्या लाटताना कुरकुरायची. त्या पोळीच्या पैशांतून शिकागोत मराठीचं कपाट उभं राहिलं. म्हणून म्हणते, हा आंतरराष्ट्रीय अभ्यास कुणाच्या उपकारावर उभा राहिला असं समजू नकोस. त्याचा पाया आपल्या रुपयांचा आहे."

"पण बाई, त्या कपाटातली पुस्तकं आज जपून आहेत. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली साठच्या दशकातली पुस्तकं कुठे आहेत? गेल्या वर्षी मी स्वतः दोन पोती रद्दीतून परत आणली."

"तेही खरं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

महाराष्ट्राच्या अभ्यासकांचा हा समुदाय कसा बनला ते वाचकाला थोडक्यात सांगायला हवं. मोल्सवर्थचा कोश १८३१चा. जस्टिन अ‍ॅबट यांनी मराठी संतकवींची इंग्रजी माला १९२६पासून काढली. पण तोवर हे एकेकट्या माणसाचं काम होतं. एकमेकांचं वाचणारी, वाद घालणारी माणसं एकत्र आली ती साठच्या दशकापासून. एलिनॉर झेलियट डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर संशोधन करायला साठच्या दशकात इथे आल्या आणि १९६९मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांचा प्रबंध झाला. आंबेडकरी चळवळीकडे विद्यापीठीय इतिहासाचा विषय म्हणून बघायचं धाडस तेव्हा फार थोड्यांनी केलं होतं. लंडनला इयन रेसाइड मराठी शिकवत होते, महानुभावांच्या ग्रंथांची सूची करत होते. हायडेलबर्गला सोंथायमर, मॉस्कोला इरिना ग्लुश्कोवा, टोरांटोला नरेंद्र वागळे. ऐंशीच्या दशकात वागळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं महाराष्ट्राच्या संस्कृती आणि समाजावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदा सुरू झाल्या. दर वेळी एक विषय धरायचा, वेगवेगळ्या शास्त्रांच्या लोकांनी त्यावर बोलायचं, मग ग्रंथ काढायचा. धर्म आणि समाज, शहर आणि खेडं, लोकसंस्कृती, स्त्रीप्रतिमा. मॉस्कोच्या परिषदेचा विषय 'घर' होता. वाडा, बिऱ्हाड, माहेर, देव्हारा, यांवर रशियन, अमेरिकन, जर्मन आणि पुणेकर एका टेबलाशी बसले. एका प्रदेशाच्या भाषेसाठी इतक्या देशांची माणसं अशी पुन्हा पुन्हा जमावीत याचं मला अजूनही अप्रूप आहे, आणि बाईंना ते मी सांगितलं.

"मलाही आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची एक गोष्ट आपण कधीच शिकलो नाही. इतिहासवाला, भाषावाला, मानववंशवाला आणि जात्याशी बसणारा एकमेकांचं ऐकायचे. आमच्या विद्यापीठात मराठी विभागातून इतिहास विभागात जायला जिना चढावा लागायचा, तो वर्षानुवर्षं कुणी चढला नाही."

मग मी नावाचा विषय काढला. मला खरं बोलायचं होतं ते त्याबद्दल.

"लोकगीतं आपणही गोळा केली," मी म्हटलं. "साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' आहे, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले, दुर्गाबाई भागवतांनी शास्त्र सांगितलं. त्या कामाला मी हात जोडतो. पण 'स्त्रीजीवन' उघडलं की ओवी कुणाची ते कळत नाही. ती सगळ्या बायकांची होते, म्हणजे कुणाचीच राहत नाही. प्वातवाँ आणि राईरकरांच्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतल्या. प्रत्येकीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे. मावळातली एक बाई, शाळेत कधी न गेलेली, तिचं नाव तिच्या ओवीबरोबर नोंदलंय. माझ्या आजोबांचं नाव कुठेच नाही, कारण त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. म्हणून मी या लोकांचं काम मानतो. त्यांनी गाणाऱ्याला नाव दिलं."

बाई उठल्या. आतल्या खोलीतून त्यांनी एक वही आणली. निळ्या शाईत पहिल्या पानावर त्यांच्या प्रबंधाचा आराखडा होता. ओवी छंदाचा उगम आणि विकास.

"यात बघ," त्या म्हणाल्या. "बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी म्हणतात. तिथपासून ज्ञानदेवांपर्यंतचा सगळा प्रवास मी मांडला. तीनशे पानं. आणि ही तीनशे पानं लिहीत असताना माझी आई स्वयंपाकघरात होती. लहानपणी पहाटे तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी जात्याची घरघर आणि ओव्या ऐकल्यात. तिला शंभर तरी येत असतील. मी एकही लिहून घेतली नाही. माझ्या लेखी ओवी पोथीत होती. हेमा राईरकरांचं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई जाऊन नऊ वर्षं झाली होती."

मी काही बोललो नाही. त्यांनीच पुढे सुरू केलं.

"पण नावाची दुसरी बाजू मी पाहिलीय, ती तू ऐकून घे. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरावरून लोक चिडले होते, आणि संस्थेचा संबंध एवढाच की तिथल्या विद्वानांचे आभार पुस्तकात मानले होते. दुसऱ्या दिवशी मी गेले. कपाटं आडवी पडलेली, पोथ्यांची पानं जमिनीवर विखुरलेली. आम्ही सगळे खाली बसून पानं गोळा करत होतो. कुठलं पान कुठल्या पोथीचं ते कळत नव्हतं. त्या वर्षी एका परदेशी अभ्यासकाचा ग्रंथ छापायला निघाला होता, त्यात मी सहा महिने पाठ तपासून दिले होते. मी त्याला पत्र लिहिलं, ऋणनिर्देशातून माझं नाव काढ. त्यानं काढलं. आता तो ग्रंथ जगभर वाचला जातो आणि त्यातले माझे सहा महिने कुणाला दिसत नाहीत. मीच ते पुसायला लावले. भीतीनं."

"तुमची चूक नव्हती ती."

"चूक कुणाची हा प्रश्नच नाही. तू म्हणतोस नाव दिलं की माणूस उरतो. मी म्हणते, नाव द्यायला समाज तसा लागतो. लेखातल्या शब्दाशी भांडण असेल तर शब्दानं भांडावं, एवढा भरवसा असेल तरच माणसं आपलं नाव पुढे करतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये त्या पुस्तकावरच्या बंदीचा निकाल लावला, पण तुटलेला भरवसा न्यायालय सांधू शकत नाही."

यावर मला एवढंच म्हणता आलं की हा भरवसा सांधायचा तर आधी ही पुस्तकं लोकांना वाचता यायला हवीत. न वाचलेल्या पुस्तकावर चिडणं सोपं असतं. इंग्रजीतलं, महागडं, परदेशात छापलेलं पुस्तक म्हणजे बंद पेटी. आत काय आहे ते कुणीही काहीही सांगावं. हे बोलताना लक्षात आलं की मी बाईंच्याच पहिल्या वाक्याशी येऊन पोचलोय. त्यांच्याही ते लक्षात आलं.

"म्हणजे माझं पटलं तुला," त्या म्हणाल्या.

"अर्धं. तुम्ही म्हणता ते आपलं असून परकं. मी म्हणतो परक्यांनी केलं म्हणून तरी झालं. पण ते परत आणायचं काम परक्यांचं नाही. त्यांनी त्यांचं केलं. ते आपलं आहे."

"आणि त्यांचं काही राहिलं नाही?"

"राहिलं. ज्या गावात बसून लिहिलं त्या गावाच्या शाळेत एक प्रत पोचवायची. ज्यानं गायलं त्याच्या घरी ध्वनिफीत द्यायची. काहींनी ते केलंय. सोंथायमर यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या धनगरी ओव्यांचं फेल्डहाऊसनी २०१४मध्ये पुस्तक केलं, त्याच्या मुखपृष्ठावर त्यांचे सहकारी रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांचीही नावं आहेत. असं नाव मला प्रत्येक पुस्तकावर हवंय, आभाराच्या बारीक टायपात नको."

बाईंनी मान हलवली आणि दहाव्या खोक्यातून एक जाड ग्रंथ बाहेर काढला. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश, १९९९चा. तुळपुळे सर १९९४मध्ये गेले, कोश पाहायला राहिले नाहीत. फेल्डहाऊसनी तो पुरा केला. पुण्यातला म्हातारा पंडित आणि अमेरिकेतली अभ्यासक वर्षानुवर्षं एकेका शब्दापाशी थांबत होती. या समुदायाकडून एकच वस्तू निवडायची झाली तर मी तीच निवडीन. त्यातही जुन्या मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत दिलेला आहे. बाईंनी तो खोक्यात परत ठेवला नाही. "हा मला लागेल," म्हणाल्या. मग सोंथायमर यांचं पुस्तकही काढून घेतलं.

ती दोन पुस्तकं सोडून बाकीची खोकी घेऊन मी गावी आलो.

मे महिन्यात पुन्हा फोन आला. बाईंनी धनगरी देवांवरच्या त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मराठीत करायला घेतलं होतं. छापायची परवानगी मिळेल तेव्हा मिळेल, आधी मजकूर तर हातात येऊ दे, म्हणाल्या. रोज एक पान. पण शीर्षकातल्या 'पास्टोरल' शब्दापाशीच त्या चार दिवस अडल्या होत्या. 'पशुपालक' कोरडा वाटतो, 'गोपालक' चूक आहे, मेंढरं कुठे गेली मग? "तुमच्यात काय म्हणतात रे? तुझ्या वडिलांना विचार."

वडील अंगणात घोंगडीवर बसले होते. मी विचारलं, बिरोबा, म्हस्कोबा, असल्या देवांना एक शब्द काय?

"वाड्यावरला देव," ते म्हणाले. "गावातला येगळा, वाड्यावरला येगळा."

मी ते बाईंना सांगितलं. पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला. शब्द पुन्हा एकदा विचारून त्यांनी लिहून घेतला, आणि मग वडिलांचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख विचारली.

"तळटीपेत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या पानावर."

आतापर्यंत एकोणतीस पानं झाली आहेत.